थंडी आत सोडता येत नाही, उष्णता बाहेर काढावी लागते

तुझे तीनही प्रश्न नीट वाचले. फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का? ऊर्जा कधी नष्टच होत नाही, तर मग 'वीज वाचवा' असं का सांगतात? आणि एन्ट्रॉपी म्हणजे 'अव्यवस्था' हे पाठ केलंय, पण त्याचं पुढे करायचं काय? नियम तोंडपाठ आहेत, गणितं सुटतात, तरी 'काका, आत काही बसत नाही' असं तू लिहिलंस. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना इतकं खरं लिहिणारी मुलं कमी भेटतात, म्हणून सवडीने लिहितोय.

गेली सव्वीस वर्षं मी नाशिकजवळच्या पिंपळगाव, ओझर, दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षांची प्रीकूलिंग (तोडलेला माल साठवणीआधी झटपट गार करायच्या खोल्या) आणि कोल्ड स्टोरेज उभी करतो, दुरुस्त करतो. तुझ्या वडिलांचा माल ज्या शेडमधून जातो, तसल्याच शेडमध्ये माझा फेब्रुवारी-मार्च जातो. त्यामुळे पुस्तकातला क्रम बाजूला ठेवून माझ्या कामाच्या क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की कर. थंडी नावाची वस्तू नसते. शेडमध्ये दिवसातून दहा वेळा ओरड होते, 'दार लावा रे, थंडी चालली बाहेर!' दाराच्या खालच्या फटीतून गार हवा बाहेर जाते हे खरंच आहे, घोट्यांना लागते ती. पण तेवढीच गरम हवा वरच्या बाजूने आत येते, आणि मशीनला निस्तरायची असते ती आत आलेली उष्णता. आम्ही खोलीत थंडी भरत नाही, खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. गळक्या होडीतून पाणी उपसावं तसं. हे एकदा बसलं की तुझे निम्मे घोळ मिटतील.

आता ऊष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि कार्य यांच्या शास्त्राचा, शून्यावा नियम. पुस्तकात तो दोन ओळींत संपतो: अ आणि क औष्णिक समतोलात असतील (म्हणजे एकमेकांना टेकवले तरी उष्णता इकडून तिकडे जाणार नाही), ब आणि क औष्णिक समतोलात असतील, तर अ आणि ब सुद्धा समतोलात असतात. मुलं म्हणतात, यात काय मोठं? माझ्या अनुभवात मालाचं सर्वात जास्त नुकसान याच नियमाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतं.

प्रीकूलिंगच्या खोलीबाहेर डिस्प्ले असतो. त्यावर १ अंश दिसला की सुपरवायझर म्हणतो, झालं काम, गाडी लावा. मी आत जातो. थराच्या मधला क्रेट ओढतो, त्यातल्या मधल्या घडाचा मधला मणी निवडतो आणि सुईचा थर्मामीटर देठाच्या बाजूने गरापर्यंत टोचतो. आकडा लगेच वाचायचा नाही. सुरुवातीला तो भराभर खाली येतो, मग हळू होतो, मग एका जागी थांबतो. थांबेपर्यंत सुई फक्त स्वतःचं तापमान सांगत असते, मण्याचं नाही. थांबला की कळतं, ९ अंश. म्हणजे खोलीतली हवा १ अंशाला आहे, मण्याचा गर ९ अंशाला आहे, आणि दोघांत अजून समतोल आलेला नाही. कुठलाही थर्मामीटर मुळात स्वतःचंच तापमान दाखवतो. ते समोरच्या वस्तूचंही आहे असं म्हणायचा अधिकार आपल्याला शून्याव्या नियमाने मिळतो, पण समतोल आल्यावरच. हा नियम बाकीच्यांच्या आधी हवा हे शास्त्रज्ञांच्या उशिरा लक्षात आलं. पहिला, दुसरा, तिसरा अशी नावं रुळून गेली होती, म्हणून १९३० च्या दशकात त्याला 'शून्यावा' म्हणायला सुरुवात झाली.

पहिला नियम हा जमाखर्च आहे. वस्तूच्या अंतर्गत ऊर्जेत होणारी वाढ म्हणजे तिला दिलेली उष्णता वजा तिने बाहेर केलेलं कार्य. रसायनशास्त्राच्या पुस्तकात तिथे अधिक चिन्ह दिसेल, कारण ते लोक वस्तूवर केलेलं कार्य धरतात. दोन्ही बरोबर आहेत. गणित सुरू करताना वरच्या कोपऱ्यात 'कार्य कोणी कोणावर केलं' एवढं लिहून ठेव, चिन्हाची चूक होणार नाही.

उष्णता ही वस्तू नाही, ऊर्जेची देवाणघेवाण आहे, हे माणसाला फार उशिरा कळलं. अठराव्या शतकात तिला एक अदृश्य द्रव समजत. १७९८ मध्ये रम्फर्डने म्युनिकच्या तोफखान्यातलं निरीक्षण मांडलं: बोथट हत्याराने तोफेला भोक पाडत राहिलं तर उष्णता निघतच राहते, संपत नाही. द्रव असता तर कधीतरी आटला असता. तुला म्युनिकला जायला नको. भांडी बाजाराकडे तांब्याचं भांडं ठोकणाऱ्या कारागिराजवळ पाच मिनिटं उभी राहा आणि त्याला विचारून ठोकलेल्या जागेला हात लाव. विस्तव कुठेच नाही, तरी तांबं गरम. हाताने केलेलं कार्य तिथे अंतर्गत ऊर्जा झालं. पुढे १८४० च्या दशकात जेम्स जूलने पडणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून याचा भाव काढला. आजच्या आकड्यांत सांगायचं तर १ किलो पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४.१९ किलोजूल लागतात, म्हणजे तेच पाणी ४२७ मीटर उंचावरून टाकण्याइतकी ऊर्जा. सोमेश्वरच्या धबधब्याचं पाणी १० मीटर पडतं असं धर. खालच्या डोहात त्याचं तापमान जेमतेम ०.०२ अंशाने वाढेल. एवढा आवाज, एवढे तुषार, आणि उष्णतेच्या हिशोबात एवढंसंच. उष्णतेत केवढी ऊर्जा दडलेली असते याचा अंदाज मला या एका गणिताने आला.

आता हाच जमाखर्च द्राक्षांना लाव. द्राक्षात चार पंचमांश पाणीच, त्यामुळे त्याची विशिष्ट उष्माधारकता साधारण ३.७ किलोजूल प्रति किलो प्रति अंश धरतात. ५ टन माल दुपारी तोडलेला, गर ३० अंशाला. त्याला ६ तासांत ४ अंशावर आणायचं. ५००० गुणिले ३.७ गुणिले २६, म्हणजे ४ लाख ८१ हजार किलोजूल. सहा तासांवर भागलं की २२ किलोवॅटच्या वर जातं. हाच माल पहाटे तोडला, गर १८ अंशाला असताना आत आला, तर २६ च्या जागी १४ अंश उरतात, आणि १२ किलोवॅटमध्ये भागतं. मशीनवरचा भार जवळजवळ निम्मा झाला, आणि त्यासाठी फक्त तोडणीची वेळ बदलली. वडील पहाटे अंधारात मजूर का बोलावतात, हे आता तू किलोवॅटमध्ये सांगू शकशील.

आमच्या धंद्यात हे 'टना'त बोलतात. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट. अमेरिकन टनभर बर्फ, ९०७ किलो, २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढा दर. बर्फाची अप्रकट उष्मा किलोला ३३४ किलोजूल आहे, भागाकार स्वतः करून बघ, जुळतो. घरातल्या दीड टनाच्या एसीचं वजन दीड टन का नाही, हे मला एका पोराने साइटवर खरोखर विचारलं होतं, आणि प्रश्न चांगला होता.

जमाखर्चात एक रक्कम लोक हमखास विसरतात, ती पंख्यांची. माल लवकर गार व्हावा म्हणून कोणी खोलीत अजून ३ किलोवॅटचे पंखे बसवतो. पंख्याने मण्यांभोवतीची हवा जोरात फिरते, उष्णता लवकर सुटते, हे बरोबर. पण ती ३ किलोवॅट वीज शेवटी जाते कुठे? खोलीतच, उष्णता होऊन. मोटर तापते, हवा घासते, सगळं आतच जिरतं. १२ किलोवॅटचं काम करणाऱ्या मशीनपुढे तू आणखी पाव भार टाकलास. पंखे हवेत, पण मोजून.

आता फ्रीजचं दार. फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून खोलीत टाकतो. वर कॉम्प्रेसरने घेतलेली वीजही त्याच जाळीतून खोलीत येते. दार उघडं ठेवलंस तर जेवढी उष्णता पुढून घेतली तेवढी मागून परत, वर विजेची भर. कॉम्प्रेसर १५० वॅटचा असेल तर तू खोलीत १५० वॅटचा हीटर लावलास एवढाच अर्थ. दारापुढे उभं राहिलं तर अंगाला गार लागेल, खोली मात्र तापेल. एसी खोली गार करतो कारण त्याची गरम जाळी भिंतीपलीकडे असते.

पहिला नियम इथे थांबतो. मण्यातून निघालेली उष्णता आपली आपण परत मण्यात का जात नाही, हे तो सांगू शकत नाही. हिशोब तर तेव्हाही जुळला असता. दिशा सांगतो तो दुसरा नियम: उष्णता आपणहून गारकडून गरमकडे जात नाही. न्यायची असेल तर कार्य मोजावं लागतं. रुडॉल्फ क्लाउसियसने १८५० मध्ये हे मांडलं. त्याच्याही आधी, १८२४ मध्ये, सादी कार्नो नावाच्या फ्रेंच तरुणाने वाफेच्या इंजिनाचा विचार करता करता याचा गाभा पकडला होता. मला त्याचं फार वाटतं. उष्णता म्हणजे द्रव, ही चुकीची समजूत घेऊन तो निघाला आणि तरी बरोबर निष्कर्षाला पोचला: इंजिन किती चांगलं चालू शकतं याची वरची मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते, कारागिरीवर नाही. १८३२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, पटकीने गेला.

कार्नोची ती मर्यादा उलट फिरवली की माझा धंदा तयार होतो. १ युनिट विजेत जास्तीत जास्त किती युनिट उष्णता उपसता येईल? गार बाजूचं केल्विन तापमान (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवले की केल्विन) भागिले दोन बाजूंतला फरक. खोलीतली उष्णता उचलणारी कॉइल उणे ३ अंशाला, म्हणजे २७० केल्विन. बाहेर उष्णता टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, ४० अंशाला, म्हणजे ३१३. फरक ४३. २७० भागिले ४३, सुमारे ६.३. खऱ्या मशीनला याच्या निम्मं मिळालं तरी समाधान मानतो. कंडेन्सर ५५ अंशावर गेला तर फरक ५८ होतो आणि आकडा ४.७ वर येतो. मशीन तेच, गॅस तोच, आणि मर्यादाच पाव हिश्श्याने खाली.

हे मी एका मार्च महिन्यात डोळ्यांनी बघितलंय. एका शेडमधून फोन आला, खोली ७ अंशाच्या खाली उतरत नाही, माल अडकलाय. आधी येऊन गेलेल्या माणसाने दोनदा गॅस भरला होता. मालक म्हणाले, मोठा कॉम्प्रेसर सांगा, आणतो. मी गेज लावले. हेड प्रेशर (कंडेन्सरकडच्या बाजूचा गॅसचा दाब) खूप चढलेलं, कॉम्प्रेसरमधून गरम गॅस बाहेर नेणाऱ्या डिस्चार्ज लाइनला हात लावायची सोय नाही. मशीनच्या मागे गेलो. उन्हापासून जपायचं म्हणून कंडेन्सरभोवती तीन बाजूंनी पत्रा ठोकलेला, वर पत्र्याचं छप्पर, आणि पंख्याची गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा त्याच कंडेन्सरमध्ये शिरत होती. बाहेर अंगणात ३६ अंश, पत्र्याच्या आत थर्मामीटर धरला तर ४८. बिचारं मशीन स्वतःचाच उच्छ्वास परत घेत होतं. मागचे दोन पत्रे उचकटले, छप्पर हातभर वर उचललं, गरम हवा वरून निघून जाईल असा एक तिरका पत्रा बसवला. जास्तीचा गॅस काढून घेतला. संध्याकाळपर्यंत हेड प्रेशर उतरलं आणि रात्री साडेनऊला मण्याच्या गरात ४ अंश मिळाले. नवा एकही पार्ट लागला नाही. त्या दिवशी मालकांना मी कार्नोचं नाव सांगितलं नाही, पण हिशोब त्याचाच होता.

आता एन्ट्रॉपी. 'अव्यवस्था' हा शब्द मला पटत नाही. तो ऐकून मुलांना विस्कटलेली खोली आठवते आणि विचार तिथेच थांबतो. आधी हिशोबाने बघ. एखाद्या वस्तूला उष्णता मिळाली की ती भागिले तिचं केल्विन तापमान, एवढी तिची एन्ट्रॉपी वाढते. उष्णता गेली तर तेवढीच कमी होते. बाहेरच्या ३१३ केल्विनच्या हवेतून १००० जूल उष्णता दाराच्या फटीतून २७३ केल्विनच्या खोलीत शिरली असं समज. जूल प्रति केल्विनमध्ये, बाहेरच्या हवेने ३.१९ गमावले, खोलीने ३.६६ कमावले. जूल तेवढेच, पण एन्ट्रॉपी ०.४७ ने वाढली. हेच १००० जूल आपणहून उलट गेले असते तर एकूण बेरीज ०.४७ ने कमी झाली असती, आणि तसं कधीच घडत नाही. दुसऱ्या नियमाचं हे गणिती रूप: बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण नसलेल्या व्यवस्थेची एकूण एन्ट्रॉपी घटत नाही. 'देवाणघेवाण नसलेल्या' हे शब्द गाळू नकोस. खोलीतल्या द्राक्षांची एन्ट्रॉपी मी रोज कमी करतो, पण त्यासाठी कंडेन्सरमधून बाहेर त्याहून जास्त वाढवतो.

का घटत नाही? याचं उत्तर लुडविग बोल्ट्झमन या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने दिलं, आणि ते मोजणीचं उत्तर आहे. पेटीत चार रेणू आहेत, प्रत्येक डावीकडे नाहीतर उजवीकडे. एकूण १६ मांडण्या. चारही डावीकडे असण्याची मांडणी एकच, दोन-दोन वाटून असण्याच्या ६. रेणू शंभर झाले की एकूण मांडण्या १ वर तीस शून्यांपेक्षा जास्त होतात आणि 'सगळे डावीकडे' ही अजूनही एकच. रेणूंना कोणी पसारा करायला सांगत नाही. ते नुसते फिरत असतात, आणि वाटून असण्याचे मार्ग इतके प्रचंड जास्त आहेत की ते तिथेच सापडतात. एन्ट्रॉपी म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या आतल्या मांडण्यांची मोजदाद. हळद आणि कुंकू एका ताटात कालव आणि मग जन्मभर कालवत बस, वेगळं होणार नाही. वेगळं होणं निषिद्ध नाही, पण त्याचे मार्ग नगण्य आहेत.

आणि इथेच तुझा वीज वाचवायचा प्रश्न सुटतो. ऊर्जा नष्ट होत नाही हे शंभर टक्के खरं. पण तिचा दर्जा उतरतो. आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. अशा कोळशाच्या केंद्रात वाफ साधारण ५४० अंशाला टर्बाइनमध्ये शिरते आणि ४५ च्या आसपास पुन्हा पाणी होते. कार्नोची मर्यादा काढ: १ वजा ३१८ भागिले ८१३, म्हणजे ६१ टक्के. प्रत्यक्षात कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा विजेत येतो. बाकीचा धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून जातो. औष्णिक केंद्रांना एवढं पाणी का लागतं, तर ही न टळणारी उष्णता कुठेतरी टाकायला. म्हणजे तुझ्या घरात आलेल्या प्रत्येक युनिटमागे कोळशातली तीन युनिटं जळलेली असतात. ती वीज कॉइलच्या गीझरमध्ये टाकून आंघोळीचं पाणी ४० अंशाला नेलंस, तर ऊर्जा पूर्ण शिल्लक आहे, पण तिच्यातून पुन्हा मोटर फिरवायची ताकद जवळजवळ गेली. ४० अंशाचं पाणी आणि ३० अंशाची हवा यांत कार्नो ३ टक्क्यांहून थोडंच जास्त देतो. वाचवायची असते ती ही कामाला येण्याची क्षमता.

मला स्वतःला याचं सगळ्यात देखणं रूप निफाडच्या कडाक्यात दिसतं. डिसेंबर-जानेवारीत पारा खाली जातो तेव्हा शेतकरी पहाटे बागेत पाणी सोडतात, बांधावर शेकोट्या करतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हाताला कोमट लागतं, २४ अंशाच्या आसपास. प्रत्येक लिटर ४ अंशापर्यंत उतरेस्तोवर सुमारे ८४ किलोजूल बागेला देऊन जातं. ही उष्णता वेलीपर्यंत पोचवायला मोटर लावावी लागत नाही, ती आपणहून गरमकडून गारकडे जाते. वीज लागते फक्त पाणी उपसायला. तुझ्या आजोबांनी ऊष्मागतिकी वाचली नसेल, पण ही दिशा त्यांनी अचूक ओळखली होती.

तिसरा नियम माझ्या कामात येत नाही, म्हणून थोडक्यात. निरपेक्ष शून्याकडे, उणे २७३.१५ अंशाकडे जाताना निर्दोष स्फटिकाची एन्ट्रॉपी शून्याकडे जाते, आणि कितीही, पण मर्यादित पायऱ्यांत तिथे पोचता येत नाही. वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये याची सुरुवात केली. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचं भांडं असतं ना, झाकण काढलं की पांढरं धुकं सांडतं, ते उणे १९६ अंशाला असतं. तरी निरपेक्ष शून्याच्या ७७ अंश वर. वरचं भागिलेचं सूत्र पुन्हा बघ: गार बाजूचं तापमान लहान होत गेलं की १ युनिटमागे उपसता येणारी उष्णताही शून्याकडे जाते. हा तिसऱ्या नियमाचा पुरावा नव्हे, पण वाट का लांबत जाते याचा अंदाज येतो.

फेब्रुवारीत माल निघायला लागला की एक दिवस पहाटे शेडवर ये. सुईचा थर्मामीटर मी देतो, वही तू आण. एकाच क्रेटमधला कडेचा मणी आणि मधला मणी, दर पंधरा मिनिटांनी, चार अंश येईपर्यंत. कागदावर दोन्ही रेषा काढ, आणि मधल्या मण्याची रेषा सुरुवातीला उशिरा का वाकते ते मला तू सांग.